एकोणीस दिवसांचा मेगर

मित्रांनो, मी एक जुना मेगर आहे, आणि मी भाड्याचा आहे. परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर माणिकरावांचे दुकान आहे. तिथे वरातीसाठी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने मिळतात, सायकली मिळतात, कर्ण्याचा एक ग्रामोफोन मिळतो आणि मीही मिळतो. बत्त्यांना आणि सायकलींना रोज गिऱ्हाईक असते. माझ्याकडे मात्र लोक बोट दाखवून विचारतात, "हे काय हाय?"

एकदा सोनपेठकडचे एक पाटील लग्नाचे सामान ठरवायला आले होते. त्यांनी माझी फिरवायची मूठ पाहिली आणि ते म्हणाले, "ह्यो बारका बाजा कितीला? मोठा लय महाग पडायलाय."

माणिकराव हसले. "पाटील, हा बाजा गात न्हाई. ह्याच्या दोन तारा हातात धरल्या की मानूसच गातो."

ते खरे आहे. म्हणून आधी माझे काम सांगतो.

विजेच्या तारेवर रबराचे आणि सुताचे आवरण असते. ते कोरडे आणि धड असेल तर वीज तारेतच राहते. पावसाळ्यात ते ओलावते, जुने झाले की त्याला चिरा पडतात, आणि मग वीज झिरपू लागते. नवा माठ झिरपतो तेव्हा पाणी गार होते आणि आपण खूश होतो. तार झिरपली तर जवळच्या लोखंडात वीज उतरते, आणि त्या लोखंडाला हात लावणारा माणूस मरू शकतो. झिरपणे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहण्यासाठी मी आहे.

मी सागवानी पेटीत बसवलेला आहे. पेटीवर काचेची खिडकी, खिडकीत तबकडी, आणि बाहेर पितळेचे दोन खुंट. खुंटांना तारा जोडायच्या आणि बाजूची मूठ फिरवायची. मूठ फिरली की माझ्या पोटात पाचशे व्होल्टची वीज तयार होते आणि मी ती तारेच्या आवरणावर ढकलून पाहतो. आवरण फुटके असेल तर काटा शून्याकडे येतो. आवरण उत्तम असेल तर काटा दुसऱ्या टोकाला जातो. तिथे एक आडवा पडलेला आठ काढलेला आहे. त्याला अनंत म्हणतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. घड्याळाला किंवा तराजूला काम संपल्यावर परत येण्याची एक जागा असते. माझ्या काट्याला तशी जागा नाही. त्याला मागे ओढणारी स्प्रिंगच बसवलेली नाही. मूठ थांबली की तो जिथे असेल तिथे, कुठेही, उभा राहतो.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने बारीक कुंचल्याने माझ्या तबकडीवरच्या रेघा काढल्या. प्रत्येक यंत्राचा काटा थोडा निराळा वागतो, म्हणून रेघाही ज्याच्या त्याच्यासाठी निराळ्या काढाव्या लागतात. त्या रेघा फक्त माझ्या आहेत. पुढे जहाजातून मुंबईला आणि तिथून रेल्वेने हैदराबादला आलो. माझे पहिले मालक एक इंजिनिअर साहेब होते. ते नोकरी सोडून विलायतेला परतले तेव्हा त्यांच्या सामानाची हर्राशी झाली. माणिकरावांना त्यातला ग्रामोफोन हवा होता. त्याच्याबरोबर एक छत्री, दोन खुर्च्या आणि मी, असे सगळे एकाच बोलीत आले. छत्री आणि खुर्च्या त्यांनी घरात ठेवल्या. मी दुकानाच्या फळीवर बसलो.

एके दिवशी मुंजाजी आला.

तो राणीसावरगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादेत राहून तारा ओढण्याचे काम शिकला होता आणि गंगाखेडला स्वतःचा धंदा करत होता. कोणाचा नोकर नव्हता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये, मोंढ्यातल्या दुकानांत, एखाद्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर दिवे बसवायचे काम मिळे. त्याने मला पाहिले. मग त्याने धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि माणिकरावांना विचारले, "उचलून बघू का?"

त्याने मला सपाट जागी ठेवले. तारा एकमेकींपासून दूर धरून मूठ फिरवली. काटा अनंतावर गेला. मग तारांची टोके एकमेकींना जोडून मूठ फिरवली. काटा शून्यावर आला. तेव्हा कुठे त्याने मान हलवली. "खरं बोलायलाय," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी अशी पारख आजवर कोणीच केली नव्हती. बाकीची गिऱ्हाइके मला दळणाच्या जात्यासारखे गरागरा फिरवत. माझी मूठ मिनिटाला एकशेसाठ फेऱ्यांच्या वेगाने फिरवायची असते, हे मुंजाजीने पहिल्या दिवशीच हाताच्या अंदाजाने ओळखले. त्या दिवसापासून मला एकच इच्छा लागली. आपण या माणसाचे व्हावे.

पण तो मला भाड्याने नेत असे आणि परत आणून देत असे. गंगाखेडहून परभणीला यायचे, मला घ्यायचे, गाडीने परत जायचे, दुसऱ्या दिवशी काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी मला परत करायला पुन्हा परभणी. एका दिवसाच्या कामाला असे तीन दिवस लागत. मला मात्र ते तीन दिवस थोडेच वाटत. गाडीत तो मला मांडीवर घेई. गोदावरीचा पूल आला की लोक पाण्यात पैसे टाकत, आणि तो एका हाताने मला घट्ट धरून दुसरा हात कपाळाला लावी.

त्याच्या घरी मी कोनाड्यात बसे. त्याची बायको धुरपदाबाई हंगामात जिनिंगमध्ये जिनवर उभी राहून कापूस घालायचे काम करत असे. ती बोलायला खमकी होती.

"आला का तुमचा जावई?" मला पाहून ती म्हणायची. "ह्याला चहा द्यावा का जेवाय वाढावं?"

"चेष्टा करू नगंस. आपला पायजे असला एक," मुंजाजी म्हणायचा. "काम हाय तर मेगर न्हाई, मेगर हाय तर काम न्हाई. इकत घ्यावा म्हनतो."

धुरपदाबाईला लिहिता येत नव्हते, पण ती हिशेबाला पक्की होती. मी घरात असेन त्या प्रत्येक दिवशी तिने चुलीजवळच्या भिंतीवर गेरूची एक उभी रेघ ओढायला सुरुवात केली. पाडव्याला भिंत सारवायच्या आधी तिने नवऱ्याला समोर बसवले आणि रेघा मोजल्या.

"एकोणीस," ती म्हणाली. "साऱ्या वर्साचे एकोणीस दिस. एकोणीस दिसाच्या नांगरटीसाठी कुनी बैल बांधतंय का दारात? तेवढ्यासाठी सावडीनं आणत्यात. वैरन वर्सभर घालावी लागती."

"ह्याला वैरन लागत न्हाई, धुरपदा."

"पैका अडकून पडतोय ती वैरनच की."

मला तिचा राग आला नाही. तिचे गणित बरोबर होते. वर्षाचे तीनशे सेहेचाळीस दिवस कोनाड्यात बसून राहणाऱ्या वस्तूसाठी गरिबाने आपली सगळी शिल्लक का घालवावी? तोच पैसा तारेत, पकडीत, चांगल्या शिडीत घातला तर रोज कामाला येतो. मुंजाजीलाही ते पटले. मी पुन्हा परभणीला आलो, आणि भिंत सारवली गेली तेव्हा माझ्या रेघा शेणामातीखाली गेल्या असतील, असा विचार फळीवर बसून करत राहिलो.

पुढे महायुद्ध सुरू झाले. विलायतेहून माझ्यासारखी यंत्रे येणे बंद पडले. आता कोणाला मेगर हवा असेल तर या भागात मी एकटाच होतो. माणिकरावांना माझी किंमत तेव्हा कळली. ते मला रोज पुसू लागले, पण ओल्या फडक्याने.

मित्रांनो, आता मी तुम्हाला त्या दसऱ्याची गोष्ट सांगतो.

युद्ध सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. त्या साली पाऊस नवरात्रापर्यंत लांबला. आमच्याकडे जिनिंगचा हंगाम दसऱ्याच्या दुपारी विजय मुहूर्तावर सुरू करायची रीत आहे. पट्टे फिरायला लागतात, जिनघरातले सगळे दिवे एकदम लावतात, आणि पहिला कापूस जिनमध्ये पडतो. इंजिनावर चालणाऱ्या लहान डायनॅमोची वीज त्या दिव्यांना जाते. तारा लोखंडी नळ्यांतून, लोखंडी खांबांवरून, जिनच्या अंगावरून गेलेल्या. आणि जिनसमोर चाळीस बाया अनवाणी, ओल्या फरशीवर, एक हात लोखंडावर ठेवून उभ्या. त्यात धुरपदाबाई होती.

मुंजाजीने मला अष्टमीला तिथे नेले. जिनघरातल्या तारा तपासताच माझा काटा शून्याच्या जवळ आला. सगळीकडे ओल शिरली होती. त्याने तारांच्या जोडपेट्या उघडून वाळत ठेवल्या, एक लांबलचक तार बदलली, आणि इंजिनवाल्याला बजावले की पुन्हा तपासल्याशिवाय दिवे लावायचे नाहीत. पुन्हा तपासायला दोन दिवस थांबणे भाग होते. पण मध्ये खंडेनवमी येत होती.

खंडेनवमीला जो तो आपली हत्यारे पुजतो. शेतकरी नांगर पुजतो, सुतार वाकस पुजतो, आणि भाड्याने दिलेले हत्यार त्या दिवशी मालकाच्या घरी असावे लागते. माणिकराव या बाबतीत फार कडक होते. नवमीच्या सकाळी मुंजाजीने मला परत आणून दिले.

माणिकरावांच्या घरी पाटावर सायकलींचे पाने, बत्त्या, ग्रामोफोन आणि मी, असे मांडून ठेवले. त्यांच्या पत्नी नर्मदाबाई मोठ्या भक्तीने पूजा करत होत्या. त्यांनी प्रत्येकावर पाणी शिंपडले, ओले कुंकू लावले, नारळ फोडून त्याचे पाणी सगळ्यांवर शिंतडले. मला गंध लावायला त्यांना कपाळ सापडेना. शेवटी दोन पितळी खुंटांच्या मधली जागा त्यांना कपाळासारखी दिसली. तिथे त्यांनी बोटभर जाड पट्टा ओढला आणि वर झेंडूचे फूल ठेवले.

मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. कुंकवाचे पाणी आणि नारळाचे खारट पाणी विजेला वाट करून देते. दोन खुंटांच्या मध्ये वाट झाली म्हणजे मी बाहेरच्या तारेचे काही सांगूच शकत नाही. मी माझ्याच कपाळावरची ओल मोजत बसतो.

दसऱ्याच्या पहाटे मुंजाजी दारात उभा राहिला.

"माणिकराव, मेगर द्या. सकाळच्या गाडीनं परत जायाचंय."

"पुजलेलं हत्यार आज हलवायचं नसतं, मिस्त्री. सांजेला सोनं लुटून आलो की न्या. घरचंच हाय."

"सांजेला नेऊन काय करू? दुपारी दिवे लागायलेत."

"मग उद्या लावा म्हणावं दिवे."

"माझं ऐकत्यात का ते? चाळीस बाया हायेत तिथं. माझी बी हाय."

माणिकराव पाटाजवळून हलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. वर्षभर ज्यांच्या जिवावर घर चालते त्या वस्तूंना एक दिवस विसावा द्यावा, असे त्यांना मनापासून वाटत होते.

नर्मदाबाई आतून आल्या. त्यांनी मूठभर अक्षता माझ्यावर टाकल्या आणि पेटी बोटभर सरकवली. "देवाला सुद्धा अक्षता टाकून हलवतो आपण," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हा काय देवाहून मोठा लागून गेला? न्या हो भाऊजी. फूल तेवढं पडू देऊ नका."

मुंजाजी मला घेऊन धावला. गाडी सुटता सुटता मिळाली, पण वाटेत ती तासन्‌तास खोळंबली. डब्यात सणाची गर्दी होती. तो मला छातीशी धरून दारात उभा होता आणि नदीवरून येणारी दमट हवा माझ्या कपाळावरचे कुंकू वाळू देत नव्हती.

जिनिंगच्या दाराला आंब्याचे तोरण होते. मुनीम राधाकिशन नवी पगडी घालून उभे होते. "या मिस्त्री, या! लावा पटकन तुमची पेटी. अर्ध्या घटकेत मुहूर्त हाय."

मुंजाजीने मला फरशीवर ठेवले आणि नेहमीप्रमाणे आधी माझी पारख केली. तारा दूर धरल्या, मूठ फिरवली. काटा अनंताकडे निघाला आणि मध्येच अडखळून थांबला. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. त्याने खाली वाकून पाहिले. मग फूल हळूच उचलून बाजूला ठेवले, आणि त्याला तो लाल पट्टा दिसला.

"काय झालं?" मुनीम म्हणाले.

"यंत्र खरं बोलंना. पुसून वाळवावं लागंल."

"आनि तार?"

"यंत्र खरं बोलंना तर तारेचं काय सांगू? तुमी इंजिन चालू करा, पट्टे फिरवा, कापूस घाला. दिवे तेवढे लावू नगा."

"दसऱ्याला अंधारात मुहूर्त करू? मालक समोर बसलेत." मुनिमांचा आवाज चढला. "दुसऱ्याचं हत्यार भाड्यानं आनायचं, ते बिघडलेलं निघायचं, आनि मुहूर्त माझा अडायचा! आपलं हत्यार ज्याच्यापाशी न्हाई त्यानं मिस्त्री म्हनवून घेऊ न्हाई." त्यांनी इंजिनवाल्याला हाक मारली, "ओढ रे खटका!"

 मुंजाजीचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात रांगेतून धुरपदाबाई पुढे आली. सगळ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी. "अवं, मला खरं सांगा. लोखंडाला हात लावावा का न्हाई?"

मुंजाजीने तिच्याकडे पाहिले. हो म्हणणे सोपे होते. नाही म्हणणेही तितकेच सोपे होते.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

धुरपदाबाई वळली आणि बायांना म्हणाली, "ज्येचं हे काम हाय त्येलाच ठावं न्हाई, तर आपल्याला कसं ठावं आसंल? आमी थांबलाव, मुनीमजी." ती भिंतीजवळ जाऊन बसली. तिच्या शेजारच्या जिनवरची कडूबाई तिच्यामागे गेली, आणि बघता बघता चाळीसही जिन मोकळे झाले.

बायांशिवाय मुहूर्त कशाचा? इंजिनवाला खटक्याजवळ हात वर करून तसाच उभा राहिला.

मुंजाजी मला पुसायला कोरडे फडके शोधू लागला. जिनिंगमधली सगळी फडकी तेलाने माखलेली, आणि त्याचे स्वतःचे कपडे घामाने भिजलेले. धुरपदाबाईने समोरच्या ढिगातून कापसाचे एक बोंड उचलले. नखाने सरकी काढून तिने स्वच्छ कोरडा रुईचा पुंजका त्याच्या हातात दिला. मग दुसरा, मग तिसरा. ती सरकी काढून पदरात टाकत होती आणि तो माझ्या खुंटांमधली जागा पुसत होता. आधी लाल पुंजके निघाले, मग गुलाबी, मग पांढरे.

कडूबाई एकदम ओरडली, "आवो मुनीमजी, मुहूर्त झाला की! पयली सरकी निघाली. हिनं हातानं काढली!"

बाया हसू लागल्या. मालकही हसले. मुनिमांनी पगडी सारखी केली, धुरपदाबाईच्या पदरातली सरकी मागून घेतली, आणि गणपतीसमोर ठेवून हात जोडले. सरकी मुहूर्तावर निघाली होती, हे नाकारायला त्यांच्याकडे कारण नव्हते.

मुंजाजीने मला इंजिनाच्या उबेजवळ थोडा वेळ ठेवले. मग तारा दूर धरून मूठ फिरवली. काटा सरळ अनंतावर गेला. आता मी त्याला खरे सांगू शकत होतो.

पहिली रांग ठीक निघाली. दुसरी ठीक. तिसऱ्या रांगेच्या तारा जोडल्या आणि माझा काटा खाली, थेट शून्याला टेकला. मुंजाजी शिडी लावून चढला. कडूबाईच्या जिनमागच्या जोडपेटीत, छपरातून ठिबकलेले ओंजळभर पाणी साचले होते. नळीतून वाहत ते खाली जिनच्या लोखंडापर्यंत आले होते. त्याने पेटी तिरकी केली तेव्हा ते पाणी सगळ्यांच्या समोर फरशीवर पडले.

 कडूबाईने आपला उजवा तळहात पाहिला आणि लुगड्याला पुसला.

तिसऱ्या रांगेची तार तोडून वेगळी केली आणि बाकीचे दिवे लागले. त्या संध्याकाळी घरी मी कोनाड्यात होतो. धुरपदाबाईने भिंतीवर रेघ ओढली आणि गेरूचा हात तसाच ठेवून उभी राहिली.

"मी दिस मोजले," ती म्हणाली. "आजची दुपार मोजाय पायजे होती. इकत घ्या."

मित्रांनो, ते दोन शब्द ऐकून माझ्या काट्याला काय झाले असते ते मी सांगू शकत नाही, कारण मूठ फिरत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मुंजाजीने माणिकरावांना विचारले. माणिकराव नाही म्हणाले. "दुभती म्हैस कोन विकतंय, मिस्त्री? लागंल तेव्हा न्या. तुमाला कधी नाही म्हटलंय का?" युद्ध चालू होते. दुसरा मेगर मिळणार नव्हता. मुंजाजीने मान खाली घातली आणि मला फळीवर ठेवले. ठेवताना त्याने खुंटांवर एक कोरडे कापड टाकले. ते धुरपदाबाईने शिवले होते.

त्या दसऱ्याची बातमी पसरली. परळीहून, मानवतहून, सेलूहून जिनिंगवाले मुंजाजीला तपासणीसाठी बोलावू लागले. भिंतीवरच्या रेघा पुढच्या वर्षी सेहेचाळीस झाल्या, मग एकसष्ट, मग सत्तर. दर वेळी तो परभणीला यायचा. कधी मी असे, कधी दुसऱ्या कोणाकडे गेलेला असे. मग तो दुकानाच्या पायरीवर बसून माझी वाट पाही. मी कुठल्यातरी गावी कोणाच्या तरी हातात गरागरा फिरत असे आणि तो बसला असेल हे मला कळत असे.

असा माणूस यंत्र विकत घेणारच. युद्ध संपले, जहाजे पुन्हा येऊ लागली, आणि गेल्या वर्षी एका सकाळी मुंजाजी दुकानात आला तो काखेत एक नवी काळी पेटी घेऊन. हैदराबादेहून आणलेला नवा मेगर होता तो. माझ्यापेक्षा लहान, हलका आणि चकचकीत.

"जरा तुमचा द्या, माणिकराव," तो म्हणाला. "नवा खरा बोलतो का न्हाई, ते ज्याच्यावर इस्वास हाय त्यालाच इचारावं लागतंय."

त्याने एकच तार दोघांना आळीपाळीने जोडली. आधी माझी मूठ फिरवली, मग त्याची. दोघांचे काटे एकाच आकड्यावर उभे राहिले. "झ्याक," तो म्हणाला.

माणिकरावांनी त्याचा चेहरा पाहिला असावा. ते म्हणाले, "मिस्त्री, आता हाही घेऊन टाका. तुमी मागत होता तवा मी दिला न्हाई, ते माझ्या मनात राहिलंय. म्हनाल त्या भावात देतो."

मुंजाजीने माझ्या पेटीवर तळहात ठेवला.  मी इतकी वर्षे जे शब्द ऐकायला थांबलो होतो ते आता त्याच्या ओठांवर येतील असे मला वाटले.

"न्हाई माणिकराव," तो म्हणाला. "एका मानसाला एक पुरे. मी ह्याला नेऊन कोनाड्यात बसवीन. आन् उद्या एखादा नवा मिस्त्री निघाला, त्याला वर्साकाठी ह्यो आठच दिस लागला, तर त्यानं कुनाकडं जावं? इकत घेण्याजोगं काम त्याच्यापाशी न्हाई, म्हून त्यानं न तपासताच खटका ओढावा का? ह्यो असू द्या हितंच."

मग त्याने मला उचलून फळीवर ठेवले, धुरपदाबाईचे कापड नीट केले, आणि नवी पेटी घेऊन गाडी गाठायला निघून गेला.

त्याचे बरोबर होते. मला हे पटायला वेळ लागला. ज्याचे काम रोजचे आहे त्याने हत्यार आपले करावे. ज्याचे काम क्वचित आहे त्याने भाड्याने आणावे, पण आणल्यावर आधी त्याची पारख करावी, कारण काल ते कोणाच्या हातात होते हे आपल्याला ठाऊक नसते. आणि त्या दुसऱ्या माणसासाठी कोणीतरी फळीवर बसून राहावे लागते.

तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. मागून आणलेली वस्तू एका दिवसाची असली तरी तो एक दिवस तिला आपली समजा. ती कोरडी ठेवा, बेताने फिरवा, आणि होती तशी परत द्या. आम्ही बोलत नाही, पण मी मोजणारे यंत्र आहे. कोणाकडे किती दिवस होतो ते मी विसरत नाही.

मुंजाजीकडे मी तीनशे बारा दिवस होतो.